वेळवंडीच्या खोऱ्यात इंग्रजी भुतं

मे महिन्यात वेळवंडी नदीवरच्या भाटघर धरणाचं पाणी खाली जायला लागलं की भोर तालुक्यातल्या कांबरे गावाच्या बाजूला एक देऊळ वर येतं. कांबरेश्वराचं हे देऊळ वर्षातले दहा-अकरा महिने पाण्यातच असतं. पांडवांनी बांधलं म्हणतात. मावळात जे जुनं आहे आणि कुणी बांधलं ते ठाऊक नाही, ते पांडवांच्या नावावर लागतं. पाणी हटलं की पंचक्रोशीतली माणसं दर्शनाला येतात, गाळ उपसतात, बेल वाहतात. पाऊस लागला की देव पुन्हा पाण्याच्या स्वाधीन.

भर दुपारी तिथं गेलात तर गाळ वरून तडकलेला दिसतो, पण भेगेत बोट घातलं तर आत ओल असते. भिंतींवर पाण्याच्या रेघा एकीवर एक उमटलेल्या, दगडांच्या सांध्यांत शिंपले अडकलेले. एक वयस्कर बाबा नातवाला हात लांब करून दाखवत होते, की इथं आपलं भाताचं खाचर, त्या पल्याड वाट, तिकडं विहीर. त्यातलं काहीही त्यांनी स्वतः पाहिलेलं नव्हतं. धरण पुरं झालं १९२८ साली. बाबांना त्यांच्या वडलांनी असंच हात लांब करून दाखवलं होतं, आणि आता नातू त्या मोकळ्या गाळाकडे बघून मान डोलावत होता.

घाबरावं असं त्या जागी काही नाही. तरी ऊन कलल्यावर कुणी रेंगाळत नाही. ब्रिटिश गूढकथा मी वर्षानुवर्षं वाचत आलो, त्यांच्यावर जीव आहे माझा, आणि त्या कथांचं मर्म मला सर्वांत नीट कळलं ते भोर-वेल्ह्याच्या या टापूत. एम. आर. जेम्स, अल्जरनॉन ब्लॅकवूड, आर्थर मेकन, डॅफ्ने द्यू मोरिए, रॉबर्ट एकमन या मंडळींची खरी ताकद जागा वाचण्यात आहे. एखाद्या नदीकाठावर, टेकाडावर, पडक्या भिंतीपाशी पूर्वी काय घडलं आणि त्यातलं काय फिटायचं राहिलं, हे त्यांना दिसतं. भूत त्यानंतर येतं, आणि बरेचदा पुरतं येतही नाही.

जेम्सपासून सुरुवात करतो. माँटेग्यू ऱ्होड्स जेम्स (१८६२–१९३६) हा पेशानं गूढकथाकार नव्हता. मध्ययुगीन हस्तलिखितांचा तो मोठा जाणकार. केंब्रिजच्या ग्रंथालयांतल्या पोथ्यांच्या त्यानं केलेल्या सूच्या अभ्यासक आजही वापरतात. तो किंग्ज कॉलेजचा प्रमुख झाला, पुढे ईटनचा. नाताळाच्या सुमारास मित्र त्याच्या खोलीत जमत. सगळ्या मेणबत्त्या विझवून एकच ठेवायची आणि ताजी लिहिलेली गोष्ट वाचून दाखवायची, असा त्याचा रिवाज. त्यातून १९०४ साली ‘घोस्ट स्टोरीज ऑफ अॅन अँटिक्वेरी’ हा पहिला संग्रह निघाला. त्याचे नियम थोडे होते. जागा वाचकाच्या ओळखीची हवी, भूत दुष्ट हवं, आणि लेखकानं हात आखडता ठेवायचा. हा तिसरा नियम पाळणं सर्वांत अवघड. जेम्सच्या गोष्टीत भुताचं दर्शन अर्ध्या वाक्यात उरकतं. उशीखाली हात जातो आणि तिथं केस असलेलं, दात असलेलं तोंड लागतं, बस्स, एवढंच. पुढे त्या माणसानं उरलेली रात्र दुसऱ्या खोलीत काढली, इतकं सांगून जेम्स मोकळा होतो.

ही नाताळची प्रथा आपल्याला परकी वाटायचं कारण नाही. इंग्लंडात नाताळचे खास अंक निघत आणि त्यांत भुताची गोष्ट हमखास असे. डिकन्सची ‘द सिग्नल-मॅन’ १८६६च्या नाताळ अंकातलीच. त्या नाताळ अंकांवरूनच काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली ‘मासिक मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला. पुढे ‘नवल’, ‘धनंजय’, ‘चंद्रकांत’ या अंकांनी भयकथा आणि गूढकथा मराठी घरांत नेली. लाडू-चकलीच्या ताटाशेजारी पालथा पडलेला ‘धनंजय’ हे चित्र ज्यांनी पाहिलंय, त्यांना केंब्रिजमधली ती एकटी मेणबत्ती परकी वाटणार नाही. आमच्याकडे सणाची रात्र अमावास्येची, त्यांच्याकडे डिसेंबरातली लांबच लांब. उजेडाच्या दिवसांतच अंधाराची गोष्ट ऐकायची हौस दोन्हीकडे सारखी.

आता वेल्ह्याकडे वळू. सरकारदरबारी हा तालुका आता राजगड तालुका झाला आहे, पण एसटीत अजून वेल्हंच ऐकू येतं. वर तोरणा. शिवाजीराजांनी सुरुवातीच्या काळात घेतलेल्या गडांपैकी हा एक. गडाची डागडुजी करताना तिथं धन सापडलं आणि त्या धनातून समोरच्या मुरुंबदेवाच्या डोंगरावर राजगड उभा राहिला, असं परंपरा सांगते. सापडलेल्या धनाची इतकी निर्मळ गोष्ट दुसरी नसेल. देवीनं दिलं, राज्याच्या कामी आलं, कुणाला बाधा झाली नाही.

त्याच मावळात दुसरीही समजूत आहे, आणि ती राजाच्या गोष्टीइतकीच जुनी असावी. पुरलेल्या धनावर राखणदार असतो. जीव धनात अडकून मेलेला माणूस समंध होऊन तिथंच बसतो, कधी नागाच्या रूपात, कधी नुसताच. धन काढणाऱ्याला तो सुखानं जगू देत नाही. तोरण्यावर मेंगाईच्या देवळात रात्र काढू नये, तिथं ब्रह्मपिशाच आहे, असं डोंगरभटके नव्या भिडूला आवर्जून सांगतात. मग सगळे मिळून तिथंच पथाऱ्या पसरतात आणि पहाटेपर्यंत वाऱ्याचा आवाज ऐकत पडून राहतात.

जेम्सची ‘अ वॉर्निंग टु द क्युरियस’ (१९२५) ही गोष्ट मी प्रत्येक मराठी वाचकाला हातात धरून वाचायला लावीन. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, सफोक परगण्यात, जुन्या सॅक्सन राजांचे तीन मुकुट जमिनीत पुरलेले आहेत आणि त्यांच्यामुळे परचक्र किनाऱ्याला लागत नाही, अशी लोकांची श्रद्धा. एक मुकुट पूर्वीच कुणीतरी उकरून वितळवला, दुसरा समुद्रानं गिळला. उरला एक. त्याची राखण पिढ्यान् पिढ्या एजर नावाच्या घराण्याकडे. घराण्यातला शेवटचा तरुण, विल्यम, क्षयानं मेला. त्यानं आजारपणातही टेकाडावर रात्री जागून काढल्या, कारण आपल्यामागे राखायला कुणी नाही हे त्याला ठाऊक होतं. मग पॅक्स्टन नावाचा एक हौशी संशोधक येतो, बोगदा खणतो आणि मुकुट काढतो.

इथून पुढे जेम्सची कारागिरी पाहावी. पॅक्स्टनला भूत समोर दिसत नाही. नजरेच्या कडेला, नेहमी डाव्या किंवा उजव्या अंगाला, कुणीतरी उभं असतं. वळून पाहिलं की नसतं. गाडीचं दार उघडून धरणारा हमाल त्याच्यामागून आणखी कुणी चढणार म्हणून दार धरूनच ठेवतो. तेवढ्यानं आपल्याला कळतं की पाठलाग करणारं जे काही आहे ते दुसऱ्यांनाही दिसतंय. घाबरून गेलेला पॅक्स्टन दोन सभ्य गृहस्थांच्या मदतीनं मुकुट परत पुरतो. आपल्या ओळखीच्या रीतीप्रमाणे इथं प्रायश्चित्त पुरं व्हायला हवं. होत नाही. दुसऱ्या दिवशी धुक्यात त्याला कुणीतरी ओळखीच्या आवाजात साद घालतं, तो वाळूवरून धावत सुटतो आणि मागून जाणाऱ्यांना त्याच्या बुटांच्या ठशांशेजारी अनवाणी पावलांचे ठसे दिसतात, ज्यांत मांसापेक्षा हाडंच जास्त. पुढे काय सापडतं ते मी सांगत नाही.

गोष्टीत भय आहेच, पण मला त्यापेक्षा विल्यम एजरचं वाईट वाटतं. कर्तव्यात मेलेला आणि मेल्यावरही ड्यूटीवर असलेला खेड्यातला एक पोरगा. गोष्ट आली पहिलं महायुद्ध संपून सात वर्षं होताना, जेव्हा इंग्लंडच्या गावागावांत एजरच्या वयाच्या पोरांची नावं दगडांवर कोरलेली होती. जेम्सनं शिकवलेली कित्येक मुलं त्या युद्धात गेली. हे तो गोष्टीत कुठेही म्हणत नाही. हात आखडता ठेवायचा म्हणजे असा. आणि १९३९ साली, जेम्स वारल्यावर तीन वर्षांनी, त्याच सफोकमध्ये सटन हू इथल्या टेकाडाखाली सॅक्सन राजाचं अख्खं जहाज-दफन सोन्यासह सापडलं.

आपल्याकडे गुप्तधनासाठी गडकोटांवर, पडक्या देवळांत रात्री खणणारे लोक आजही पकडले जातात. १८७८च्या निखात निधी कायद्यानं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं जमिनीत सापडलेलं धन जिल्हाधिकाऱ्याला कळवणं बंधनकारक आहे. पण पहारीचा मारा बसलेली मूर्ती कायद्यानं सांधत नाही. एजरसारखा राखणदार आपल्या दंतकथांत समंधाच्या रूपानं आहे. त्याच्या बाजूनं मराठीत कुणी गोष्ट लिहावी असं मला फार वाटतं.

भाटघरच्या बॅकवॉटरवर दुसरा लेखक हवा, तो ब्लॅकवूड. पावसाळ्यात वेळवंडी फुगली, धरणाचे ४५ स्वयंचलित दरवाजे उघडले की खालच्या अंगाला काय होतं ते सगळे बघायला जातात. वरच्या अंगाला, खोऱ्यात, पाणी गुपचूप चढतं. काल चाललेली पायवाट आज नसते, टेकाडाचं बेट होतं. अल्जरनॉन ब्लॅकवूड (१८६९–१९५१) १९०० साली मित्राबरोबर होडीतून डॅन्यूब नदीत उतरला होता आणि त्या प्रवासातून १९०७ साली ‘द विलोज’ ही दीर्घकथा आली. व्हिएन्नाच्या पुढे नदी पसरते, दलदल होते, वाळूची बेटं आणि त्यांवर झुडपी वाळुंजांचं रान. दोघे मित्र एका बेटावर मुक्काम करतात. पुरात बेट तासातासानं झिजत चाललंय. रात्री वाळुंजं तंबूच्या जवळ सरकल्यासारखी वाटतात. होडीचं एक वल्हं नाहीसं होतं, दुसरं कुणीतरी घासून पातळ केलेलं सापडतं. वाळूत नरसाळ्याच्या आकाराचे खड्डे पडतात. भूत नाही, राक्षस नाही, कुणाचा शापही नाही. आपण जिथं यायला नको तिथं आलो आहोत आणि इथल्यांना ते कळलं आहे, इतकंच.

या खोऱ्यातल्या माणसाला ‘द विलोज’ समजावून सांगावी लागणार नाही. साती आसरा त्याला ठाऊक आहेत. नदीच्या डोहापाशी, झऱ्यापाशी सात दगड शेंदूर लावून मांडलेले असतात. तिन्हीसांजेला तिथं पोरीबाळींनी जाऊ नये, केस मोकळे सोडू नयेत, डोहात थुंकू नये. आसरा चांगल्या की वाईट असं विचारलं तर उत्तर मिळत नाही. त्या पाण्याच्या आहेत, त्यांचा मान ठेवावा. रानात त्याच त्याच जागी फिरवणारा चकवा हाही असाच, त्याला चेहरा नाही. ब्लॅकवूडनं एवढी पानं खर्चून जी भावना उभी केली ती आपल्याकडे सात दगडांत आहे. मात्र दगड भावना जागवतात. दोन रात्रींत ती माणसाच्या मनात कशी चढत जाते, शहाणा माणूस स्वतःला कशी कारणं देत राहतो आणि ती एकेक करून कशी गळतात, हे दाखवायला गोष्टच लागते.

भाटघरचं धरण बांधलं इंग्रजांनी. मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या नावानं ते लॉइड धरण. साठा सुमारे साडेतेवीस टीएमसी. भोर तेव्हा पंतसचिवांचं संस्थान. पाणी भोरचं, कालवे गेले बारामती-इंदापूरला आणि फलटणकडे, आणि तिकडचा माळ उसानं हिरवा झाला. हिशेब मांडला तर फायदा मोठा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण बुडीत गावांचं काय झालं ते त्या हिशेबात बसत नाही, आणि जे हिशेबात बसलं नाही त्याचंच पुढे भूत होतं. रॉबर्ट एकमन (१९१४–१९८१) या लेखकानं निम्मं आयुष्य पाण्याच्या कामात घालवलं; इंग्लंडचे पडीक कालवे वाचवण्यासाठी १९४६ साली स्थापन झालेल्या संस्थेचा तो एक संस्थापक. उरलेल्या आयुष्यात त्यानं लिहिल्या त्या कथांना तो फक्त ‘विचित्र कथा’ म्हणे. (रोहिड्याला विचित्रगड म्हणणाऱ्या भोरकरांना तो आवडेल.) त्याच्या ‘रिंगिंग द चेंजेस’मध्ये नवं जोडपं मधुचंद्रासाठी समुद्रकाठच्या गावी येतं, गावातल्या सगळ्या घंटा वाजत असतात, थांबतच नाहीत, आणि समुद्र काही केल्या सापडत नाही. घंटा मेलेल्यांना उठवण्यासाठी आहेत. ते उठतात, सकाळी सगळं पूर्ववत होतं, आणि बायकोच्या डोळ्यांत नवऱ्यानं पूर्वी न पाहिलेलं काहीतरी उरतं. एकमन उलगडा करत नाही. पहिल्या वाचनात राग येतो, दुसऱ्या वाचनात झोप जाते.

शेतकरी वाचकाला मी डॅफ्ने द्यू मोरिएची ‘द बर्ड्स’ (१९५२) सुचवीन. हिचकॉकचा सिनेमा विसरा. त्यानं गोष्ट कॅलिफोर्नियाला नेली. मूळ गोष्ट कॉर्नवॉलच्या शेतमजुराची आहे, नॅट हॉकनची. युद्धात जायबंदी झालेला, तुटपुंज्या पेन्शनवर जगणारा, कुंपणं दुरुस्त करणारा. हवा एका रात्रीत पालटते आणि पाखरं माणसांवर उतरतात. सरकार रेडिओवर धीर देतं, मग रेडिओ बंद पडतो. नॅट खिडक्यांना फळ्या ठोकतो, चुलीत जाळ ठेवतो, किराणा मोजतो. भयकथेत इतकं नेमकं काम क्वचितच असतं. पाऊस लांबला, रोग पडला की सल्ला देणारे आवाज दूर कुठूनतरी येतात आणि निस्तरणारा आपल्या बांधावर एकटा असतो. हे ज्यानं भोगलंय त्याला नॅट घरचा वाटेल.

या वाङ्मयावर एक आक्षेप येतो आणि तो मी हलक्यानं घेत नाही. अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांचा खून २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात झाला. त्यानंतर महाराष्ट्राला जादूटोणाविरोधी कायदा मिळाला. अशा राज्यात भुताच्या गोष्टींचं कौतुक करायचं का? याचं उत्तर मला आर्थर मेकनच्या (१८६३–१९४७) वागण्यात सापडतं. वेल्समधला हा लेखक पोटासाठी लंडनच्या वर्तमानपत्रात काम करायचा. सप्टेंबर १९१४मध्ये त्यानं ‘द बोमेन’ ही छोटी गोष्ट छापली. त्यात जर्मनांपुढे कोंडीत सापडलेल्या इंग्रज शिपायांच्या मदतीला पाचशे वर्षांपूर्वीचे धनुर्धारी येतात. लोकांना ती बातमी वाटली. बघता बघता धनुर्धाऱ्यांचे देवदूत झाले, आणि मॉन्सच्या लढाईत देवदूत पाहिल्याचे ऐकीव दाखले फिरू लागले. मेकननं पुन्हा पुन्हा सांगितलं की हे माझ्या डोक्यातून आलंय, मी रचलंय. १९१५च्या पुस्तकाच्या प्रस्तावनेतही तेच लिहिलं. श्रेय आणि पैसा दोन्ही मिळवून गप्प बसणं सोपं होतं. गोष्ट ही गोष्ट आहे असं सांगणारा लेखक आणि अंगारा विकणारा बुवा यांच्यातली रेघ मेकननं स्वतः ओढून दाखवली. ‘द व्हाइट पीपल’ लिहिताना मुलीच्या वहीतून जे अघोरी जग त्यानं उभं केलं ते वाचून कुणी कोंबडं कापायला जात नाही. उलट भीती कशी घडते हे ज्यानं शंभर पानं तपासलंय, त्याला भीती विकणं अवघड जातं.

मराठीत ही रेघ नारायण धारप (१९२५–२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) या दोघांनी पाळली. धारपांचा नायक ‘समर्थ’ माझ्या मते ब्लॅकवूडच्या जॉन सायलेन्सचा आणि विल्यम होप हॉजसनच्या कारनॅकीचा भाऊबंद आहे. तीही अमानवी शक्तींशी मुकाबला करायला बोलावली जाणारी, अभ्यासू, शांत माणसं. फरक इतकाच की समर्थांच्या मागे उपासना उभी आहे आणि ती मराठी घराला पटणारी आहे. धारपांनी लव्हक्राफ्ट आणि स्टीफन किंग या अमेरिकनांकडून उघडपणे घेतलं. ‘लुचाई’सारख्या कादंबरीत परकं बीज मराठी मातीत रुजलेलं दिसतं. त्यांची एक कथा १९९३ साली नागझिऱ्याच्या जंगलात राही बर्वे यांनी मित्राकडून ऐकली, आणि ‘तुंबाड’ हा २०१८चा सिनेमा तिथून सुरू झाला. मतकरींची वाट वेगळी. ‘खेकडा’पासून त्यांनी भूत माणसाच्या आत शोधलं, आणि ‘गूढकथा’ हेच नाव आग्रहानं धरलं. दोघांचं ऋण मी मानतो. तरी त्यांची भीती बहुतेक वाड्यात, फ्लॅटमध्ये, आळीत राहिली. खाचर, खिंड, बॅकवॉटर, धनगरवाडा यांच्या वाट्याला मराठी गूढकथा फार कमी आली.

कच्चा माल तर शंभर वर्षांपूर्वीच गोळा झालेला आहे, आणि तो गोळा करणाराही इंग्रजच. नाशिकचे कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन यांनी मुंबई इलाख्यातल्या शाळामास्तरांकडून प्रश्नावली भरून घेतली होती. तुमच्या गावात कोणती भुतं मानतात, विहिरीत कोण राहतं, वेताळाची स्वारी कधी निघते. २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेऱ्यांनी जॅक्सनना गोळ्या घातल्या. टिपणं उरली. आर. ई. एन्थोव्हेन यांनी ती संपादून गुजरात आणि कोकणचे दोन खंड काढले आणि १९२४ साली ‘फोकलोअर ऑफ बाँबे’ हे पुस्तक. मुंजा, हडळ, समंध, खवीस सगळे त्यांत आहेत, साहेबी इंग्रजीत, पण माहिती पुरवली ती मराठी मास्तरांनी. जेम्स मेणबत्तीशी वाचत होता त्याच काळात आपले मास्तर कंदिलाशी बसून हे लिहीत होते.

राहिला प्रश्न अनुवादाचा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतात. म्हणजे जेम्स, मेकन, ब्लॅकवूड हे तिघेही आज मराठीत आणायला मोकळे आहेत. एकमन आणि द्यू मोरिएसाठी परवानगी लागेल. कुणी हात घातलाच तर एक विनंती. जेम्सची खेडूत माणसं, चर्चमध्ये झाडू मारणारा, खानावळीचा मालक, टेकाडाची माहिती देणारा म्हातारा, ठसकेबाज गावरान बोलीत बोलतात, आणि गोष्टीतली सर्वांत भयंकर माहिती त्यांच्याच तोंडून सहज निघून जाते. त्यांना पुण्याच्या सदाशिवी मराठीत बोलवू नये. त्यांच्यासाठी वेल्ह्याच्या आठवडी बाजारात जाऊन बसावं, कान उघडे ठेवावेत, आणि मग ‘अ वॉर्निंग टु द क्युरियस’चं पहिलं पान मराठीत लिहायला घ्यावं.